म्हणे, पुरुषाचं ऑपरेशन!

आक्कांचा धाकटा ऑपरेशन करून घेणार आहे, ही बातमी गल्लीत आक्कांनीच पसरवली; प्रत्येकीला ‘कुणाला बोलू नकोस हं’ असं बजावून. आमच्या मिरजेत ऑपरेशन ही काही बातमी नव्हे. सतारी करणारे आणि पोटाला टाके घालणारे या गावात पैशाला पासरी. पण हे ऑपरेशन वेगळं होतं.

आमची तीन घरं मेंदीच्या कुंपणाच्या एका कोपऱ्यात मिळतात. एक माझं, एक आक्कांचं आणि एक सिस्टरांचं. सिस्टर म्हणजे जत, कवठेमहांकाळकडच्या आरोग्य केंद्रांत उभी नोकरी काढून निवृत्त झालेल्या बाई. त्यांचं खरं नाव गॅसच्या पुस्तकावर असेल तेवढंच. सकाळी मोटर लावून झाली की आम्ही तिघी त्या कोपऱ्यात येतो आणि भाजी निवडत जगाचा न्यायनिवाडा करतो.

“धाकटा नसबंदी करतोय,” आक्का म्हणाल्या. “स्वतःची.”

‘स्वतःची’वर असा काही जोर दिला, जणू दुसऱ्याची करायचीच रीत आहे. तशी ती आहेच म्हणा.

“मग सून काय म्हणते?” मी विचारलं.

“ती काय म्हणणार! दोन्ही बाळंतपणं सिझरनं झाली. तिनं जाऊन करून घ्यावं की. मी नाही केलं? माझ्या दोन्ही जावांनी नाही केलं? आमच्या घरात आजवर एकाही पुरुषाला हात लावू दिला नाही कुणाला!”

सिस्टर कढीपत्ता ओरबाडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आक्का, तुमच्या ऑपरेशननंतर घागर कधी उचललीत?”

“महिनाभर उचलायची नाही म्हणाले होते. पण आमच्याकडे दुसरं कोण उचलणार? आठव्या दिवशी लागले कामाला. टाका पिकला होता माझा.”

“झालं तर. बाईच्या नळ्या पोटात खोल. पोटाला छेद द्या नाहीतर दुर्बीण आत घाला, त्याशिवाय तिथे पोचता येत नाही. पुरुषाच्या दोन्ही नळ्या अंडकोशाच्या कातडीखाली, बाहेरून चिमटीत सापडतात. तेवढ्या जागेला भूल द्यायची, कातडीला बारीक भोक पाडायचं, नळी बाहेर ओढायची, इवलासा तुकडा कापून टोकं बांधायची, परत आत सोडायची. दुसऱ्या नळीचंही तसंच. पंधरा-वीस मिनिटांचा खेळ. सुरी नाही, टाका नाही. थोडा वेळ बसवून ठेवतात आणि मग माणूस आपल्या पायांनी घरी.”

ही बिनटाक्याची पद्धत ली शुनच्यांग नावाच्या चिनी डॉक्टरनं १९७४ साली सिच्वान प्रांतात काढली आणि आपल्याकडे ती नव्वदीच्या दशकात आली. सिस्टरांना तारखा पाठ असतात. सरकारी प्रशिक्षणांचा तेवढा एक फायदा.

“पण कमजोरी येते म्हणतात,” आक्कांनी आवाज खाली आणला. “पुरुषात काही राहत नाही.”

यावर सिस्टर जे बोलल्या, ते त्यांनी आयुष्यभर ओट्यांवर आणि शेताच्या बांधांवर बसून शेकडो सासवांना सांगितलेलं असणार. कारण बोलताना त्यांचा हात कढीपत्त्यावरून हलला नाही. पुरुषपणाचं हार्मोन वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं, त्या नळीतून ते जातच नाही. त्यामुळे दाढी, आवाज, इच्छा, सगळं जिथल्या तिथं. वीर्यसुद्धा पहिल्यासारखंच येतं, कारण त्यातला बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींमधला असतो. शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन-पाच भाग. तेवढेच काय ते बाहेर पडत नाहीत, अंगातच जिरून जातात.

आक्कांनी पदर तोंडाशी नेला होता. कान मात्र उघडेच होते.

एवढ्यात आमच्या व्हरांड्यातून, वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, “डब्ल्यू. बी. येट्सनं करून घेतलं होतं.”

आमचे हे कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. कुंपणावरच्या गप्पा आपण ऐकत नाही, असं ते गेली कित्येक वर्षं दाखवत आले आहेत.

“कोण येट्स? विश्रामबागचे?” आक्का.

“आयरिश कवी हो. १९२३चं नोबेल. व्हिएन्नात श्टायनाख म्हणून एक शास्त्रज्ञ होता, त्याचं म्हणणं, ही नळी बांधली की पुरुषाला पुन्हा तारुण्य येतं. म्हातारे श्रीमंत रांगा लावायचे. फ्रॉइडनं १९२३मध्ये करून घेतलं, येट्सनं १९३४मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी.”

“आणि आलं का तारुण्य?”

“शास्त्र म्हणतं, तसं काही होत नाही. येट्स म्हणायचा, आलं. कविता मात्र शेवटपर्यंत लिहीत होता.”

म्हणजे बघा. तिकडे म्हातारे जोम येईल म्हणून जे करायला धावत होते, तेच जोम जाईल म्हणून इकडे तरणेताठे टाळतात. नळीला बिचारीला दोन्हीतलं काहीच ठाऊक नाही.

पण आक्कांची भीती येट्सनं जाणारी नव्हती. तिचं मूळ भलतीकडेच होतं. आणीबाणीत आक्कांचे यजमान खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. “वर्ग सोडून केसेस शोधत फिरायचे. केस दिली नाही तर पगार अडेल, बदली होईल, असं वरून सांगितलेलं. मास्तर दिसला की माणसं उसात पळायची. एकदा यांना रात्री घरी यायला दीड वाजला. मला वाटलं, यांनाच धरून नेलं.”

१९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या ६२ लाख पुरुषांच्या. आपला महाराष्ट्र तर आणखी पुढे. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक १९७६ साली आपल्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून वाचलो. त्याआधी सगळंच वाईट होतं असं नाही. साठच्या दशकात मुंबईत रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रं होती. चाकरमानी लोकल पकडता पकडता करून घ्यायचे. माझे एक मामा त्यांतले. मामींना त्यांनी घरी आल्यावर सांगितलं, आणि मामी त्यांच्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. आधी विचारलं का नाही म्हणून.

आणीबाणी उठली, १९७७ला सरकार पडलं. कुटुंब नियोजन खात्याच्या पाटीवरचं ‘नियोजन’ पुसून ‘कल्याण’ लिहिलं गेलं आणि पुरुषांना हात लावायची पुन्हा कुणाची छाती झाली नाही. टार्गेट मात्र उरलं होतं. ते मग मुकाट्यानं बायकांच्या पोटांवर सरकलं.

“मीच सरकवलंय ते,” सिस्टर म्हणाल्या. “मार्च आला की केसेस पुऱ्या करायच्या. पुरुषाला समजवायला चार फेऱ्या, बाईला एक. सासूला सांगितलं की सासूच तिला जीपमध्ये बसवून द्यायची. आम्ही तरी दुसरं काय करणार?”

आक्का काही बोलल्या नाहीत. मेथीच्या काड्या निवडत राहिल्या.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या शंभरातल्या जवळजवळ ३८ बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. ज्यांच्या नवऱ्याचं झालंय अशा किती? हजारात तीन. आणि बायकांचं ऑपरेशन म्हणजे काही पोरखेळ नव्हे. २०१४च्या नोव्हेंबरात छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका कॅम्पात काही तासांत ८३ बायका उरकल्या गेल्या. त्या आठवड्यात तिथल्या कॅम्पांमधल्या १३ जणी दगावल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं असे कॅम्प तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. एवढं होऊनही घरोघरी प्रश्न तोच: सुनेला कधी नेऊ?

मला विचाराल तर सरकारपेक्षा आम्हीच पुरुषांना जास्त जपलं. आई जपते, बायको जपते, शेजारीण ‘अगंबाई’ म्हणून हातभार लावते. पुरुषाला नको म्हणायचीसुद्धा वेळ येत नाही, तोवर घरातल्या बायकांनी त्याच्या वतीनं नको म्हटलेलं असतं.

“सिस्टर,” आक्का बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तरी पण यात फसगत होते म्हणतात. आमच्या माहेरी एकाचं झालं होतं, आणि वर्षभरात बायकोला दिवस गेले.”

“तीन महिने थांबला नसणार. नळ बंद केला तरी पाइपात राहिलेलं पाणी येतंच की. आधीचे शुक्राणू पुढे साठलेले असतात, ते निघून जायला वेळ लागतो. म्हणून तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. त्यात काही दिसलं नाही की सर्टिफिकेट मिळतं. तिथून पुढे मोकळं.”

आणि मग सिस्टरांनी जत भागातली एक गोष्ट सांगितली. तिथल्या एका गड्यानं ऑपरेशन करून घेतलं, पैसे घेतले, तपासणीला काही आला नाही. बायकोला दिवस गेले. गावानं अर्थ काढायला किती वेळ लागतो! सासूनं सुनेचं गाठोडं बांधून दारात ठेवलं. नवरा दारू पिऊन पडलेला. सुनेनं रडणं-भेकणं काही केलं नाही, चालत आरोग्य केंद्रात आली आणि म्हणाली, “त्याला तपासा.” सिस्टर आणि शिपाई त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला घेऊन गेले. रिपोर्टात शुक्राणू वळवळत होते. तो कागद सिस्टरांनी सासूला वाचून दाखवला, सरपंचाला दाखवला, आणि पिठाच्या गिरणीत उभं राहून मोठ्यानं वाचला, कारण गावात बातमी तिथूनच फुटली होती.

“गाठोडं?” मी विचारलं.

“सासूनंच सोडलं. पण सून नंतर त्या म्हातारीशी कधी नीट बोलली नाही. पोरगी झाली तिला. आता नर्सिंग करतेय.”

तपासणीनंतरही कधी नळी आपोआप जुळून येते. पण दोन हजारांत एखाद्याचीच. रक्त साकळणं, सूज, जखम चिघळणं होऊ शकतं. शंभरात एखाद्या-दुसऱ्याला दुखणं बरेच महिने रेंगाळतं, हेही सिस्टरांनी लपवलं नाही. रोगांपासून मात्र यानं बचाव होत नाही, त्याला निरोधच पाहिजे.

“आणि पुढे वाटलंच, आणखी एक मूल हवं, तर उघडतात ना?” आक्कांचा डाव माझ्या लक्षात आला. त्यांना दोन्ही नातीच आहेत.

सिस्टरांच्याही आला. पहिल्यांदाच त्यांनी कढीपत्ता खाली ठेवला. “जोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली करायचं मोठं काम, खर्च वेगळा, आणि मूल होईलच असं कुणी लिहून देत नाही. जितकी वर्षं उलटतात तितकी आशा कमी. पुन्हा उघडू असा विचार ज्याच्या मनात आहे, त्यानं हे करायच्या भानगडीत पडू नये. तांबी आहे, गोळ्या आहेत, निरोध आहे. हे कायमचं समजूनच करायचं.”

“धाकटा तसंच म्हणाला,” आक्का पुटपुटल्या. “म्हणाला, आई, दोघी पुरेत.”

मग नियमांची चौकशी सुरू झाली. पुरुष विवाहित हवा, साठच्या आतला हवा, निदान एक मूल वर्षाच्या पुढचं हवं. सुनेची सही लागते का? नाही लागत. त्याच्यासाठी हिची नाही, हिच्यासाठी त्याची नाही.

“आणि आईची?”

“आक्का!”

पैशांचंही निघालं. २००७च्या सरकारी योजनेत आपल्यासारख्या राज्यांत पुरुषाला ११०० रुपये ठरले. बाईला दारिद्र्यरेषेखालची किंवा अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर ६००, नाहीतर २५०. काम कमी, मोबदला जास्त. यात नवीन ते काय, असं मी म्हणणार होते, पण व्हरांड्यात वर्तमानपत्र ताठ झालेलं दिसलं.

दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. तेव्हाच करणार म्हणतोय धाकटा. सुट्टी दोन दिवस पुरे. घट्ट चड्डी किंवा लंगोट, आठवडाभर सायकल नको, जड उचलायचं नाही.

“गॅसचा सिलिंडर कोण उचलणार मग?” आक्का.

“आठ दिवस गॅसवाला नाहीतर शेजारी.”

आक्कांनी मेथीची पाटी उचलली. दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. “करू दे बाई, त्याचा तो शहाणा आहे. पण गल्लीत काय सांगायचं? हर्निया म्हणते मी.”

“हर्निया म्हणालात तर लोक नारळ घेऊन भेटायला येतील,” सिस्टर म्हणाल्या, “आणि हा तिसऱ्या दिवशी दूध आणायला चाललेला दिसेल.”

आक्का विचारात पडल्या. “मग पुण्याला लग्नाला गेलाय म्हणू?”

“कुणाच्या?” मी विचारलं. “सगळी गल्ली तुमचे नातेवाईक ओळखते.”

“हळू बोल गं,” आक्का म्हणाल्या, आणि पलीकडच्या गल्लीतल्या वहिनींना हाक मारून तीच बातमी त्यांच्या कानात सांगायला कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या.