जन्मसिद्ध मास्तर

(रंगमंचावर एक फळा आणि एक स्टूल. वक्ता येतो. गळ्यात टाय, तोही अंमळ आखूड. खडू उचलतो, फळ्याकडे बघतो, काही न लिहिता खडू ठेवून देतो.)

मंडळी, आज मी एक खटला चालवणार आहे. आरोपी हजर नाही. तो या क्षणी जपानमध्ये तिसरीच्या पोरांकडून एबीसीडी म्हणून घेतोय. नुकताच पदवीधर झालाय, विषय भूगर्भशास्त्र. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना निदान बटाटेवड्याच्या रांगेत पहिला नंबर लावता येईल. ज्याला इंग्रजी आयती मिळाली त्याच्यापेक्षा ज्याने ती घाम गाळून मिळवली, तो शिकलेला मास्तर मुलांना बरं शिकवील. जगात मात्र नेमकं उलटं चालतं. रिक्षा चालवायला लायसन लागतं, केस कापायला उमेदवारी लागते, माशाला पोहायचा क्लास काढायला कुणी सांगत नाही. पण परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न : जन्म कुठला? जपान सरकारने 1987 साली जेट नावाची योजना काढली. पहिल्याच वर्षी 848 तरुण मंडळी आली, फक्त चार देशांतून : अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पदवी हवी, विषय कुठलाही चालेल. शिकवण्याचा दाखला असलाच पाहिजे असं नाही. जपानी आलीच पाहिजे असंही नाही. म्हणजे मुलांची भाषा येत नाही, शिकवायला येत नाही, आणि जी येते ती का येते हे माहीत नाही. अशी त्रिगुणात्मक निवड आपल्याकडे फक्त जावयाची होते.

दक्षिण कोरियाने तर यादीच केली. तिथल्या ई-टू व्हिसावर इंग्रजी शिकवायचं तर सात देशांपैकी एकाचा पासपोर्ट लागतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत? नाही. आता बघा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज घटनेनेच इंग्रजीत ठेवलंय. एकेक निकाल असा लांब, की तो वाचून होईपर्यंत अशिलाचा नातू वकील होतो. पण तिथले एखादे न्यायमूर्ती निवृत्तीनंतर हौसेने म्हणाले, ‘बुसानला जाऊन पोरांना ए फॉर ॲपल शिकवतो,’ तर यादीवरचा माणूस विचारणार, ‘काका, इंग्रजी येतं का?’ तसं 2010 पासून भारत-कोरिया व्यापार कराराने आपल्यासाठी एक खिडकी उघडली, नाही असं नाही. सरकारी शाळेत सहायक म्हणून जाता येतं. अट एवढीच, की पदवी हवी आणि शिवाय इंग्रजी शिकवण्याचा शिक्षकी दाखलाही हवा. यादीतल्या सातांना कुठलीही पदवी चालते! म्हणजे शिकवायला येतं हे सिद्ध करायची सक्ती फक्त आपल्यावर. खरं सांगू? मला हा अपमान वाटत नाही. नियम करणाऱ्याने चुकून खरं लिहून टाकलंय असं वाटतं.

(स्टुलावर बसतो.)

आता आपल्या भूगर्भशास्त्र्याच्या वर्गात डोकावू. जपानी बाई म्हणतात, ‘वाचा.’ तो वाचतो. पोरं मागून म्हणतात. पुन्हा वाचतो, पुन्हा म्हणतात. या नोकरीतली मंडळी स्वतःलाच मानवी टेपरेकॉर्डर म्हणतात, तेव्हा हा टोमणा माझा नाही. तो विचारतो, ‘हाऊ आर यू?’ सगळा वर्ग एका सुरात, ‘आय ॲम फाइन, थँक यू, ॲन्ड यू?’ एखाद्याला एकशेदोन ताप असला तरी फाइन. इथवर सगळं सुरळीत. मग एक चिकित्सक पोरगी हात वर करते. सूर्याला ‘द सन’, मग ताऱ्याला ‘अ स्टार’ का? आणि सूर्यही ताराच ना? (दीर्घ विराम) भूगर्भशास्त्र खाली असतं हो, हा प्रश्न वरून आला! तो प्रामाणिक मुलगा आहे, खरं तेच सांगतो : ‘असं कानाला बरं वाटतं.’ आता त्या पोरीच्या कानाला काय वाटावं? तिच्या भाषेत ‘अ’ही नाही आणि ‘द’ही नाही.

तुम्ही हसताय. ठीक. उठा, प्रत्येकाच्या हातात मी मराठीचा जन्मसिद्ध दाखला देतो. पाठवतो तुम्हाला नागोयाला मराठी शिकवायला. पहिला तास, विषय स्वयंपाकघर. तो झारा, ती पळी, ते उलथनं. पोर विचारतं, का? तिन्हींना दांडा आहे, तिन्ही कढईतच जातात. सांगा! (थांबतो) बरं, दुसरा प्रश्न. घोडा, घोड्याला. कावळा, कावळ्याला. मग राजा, राज्याला का नाही? मामा, माम्याला का नाही? (प्रेक्षकांकडे बघत) तुम्ही काका, तोंड उघडलंत आणि मिटलंत. यातली एकही चूक तुम्ही आयुष्यात केली नसेल, म्हणूनच तुम्हाला उत्तर येत नाही. माझ्या खटल्यातला मुख्य पुरावा तुम्हीच आहात. ज्याने एखादी वाट अडखळत काढली त्याला खड्डे पाठ असतात. सांगलीच्या मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजीची पदवी घेतलेल्या मुलीला ‘द’ कुठे लागतो हे माहीत असतं, कारण तिच्या वहीत तो कुठे कुठे लाल शाईने घुसडला गेला हे ती विसरलेली नाही. मराठीतही ‘द’ नाही, जपानीतही नाही. तिच्या चुका आणि त्या पोरीच्या चुका सख्ख्या चुलत बहिणी आहेत. पीटर मेडजेश या हंगेरियन अध्यापकाने 1990च्या दशकात याच धर्तीची बाजू लावून धरली. आणि ‘मास्तर जन्माने इंग्रजीवालाच हवा’ हे मत आलं कुठून? 1961 साली युगांडात मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या तज्ज्ञांची परिषद भरली, तिच्यात हा विचार पक्का झाला. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये त्याला चक्क गैरसमज म्हटलं, आणि ते स्वतः ब्रिटिश! घरचाच साक्षीदार फुटला, यापरतं वकिलाला काय हवं?

आता विरोधी पक्ष. पहिला आक्षेप : उच्चार. हा मी झटकून टाकणार नाही. आपण ‘वेस्ट’ म्हणतो तेव्हा पश्चिम दिशा की बनियन हे समोरच्याला आपल्या हातवाऱ्यावरून ओळखावं लागतं. पण ज्या यादीत ग्लासगो आहे, अलाबामा आहे, ऑकलंड आहे आणि जोहान्सबर्गही आहे, तिच्यातला शुद्ध उच्चार कुठला? शिवाय त्या पोरीला मोठेपणी इंग्रजी बोलायची वेळ येईल ती बहुधा एखाद्या थाई किंवा कोरियन माणसाशी. तो काही ग्लासगोचा नसणार.

दुसरा आक्षेप : लहान पोरांना व्याकरण नकोच, गाणी हवीत, खेळ हवेत. कबूल! शंभर टक्के कबूल! पण वर्गभर पोरं खेळवणं हे कौशल्य कुणाचं? जन्मसिद्ध इंग्रजीवाल्याचं की बालवाडीच्या बाईंचं? कोपऱ्यातलं पोर रुसलंय की त्याला शू लागलीय, हे ओळखायला कुठला पासपोर्ट लागतो? हा आक्षेप घेणारा माझ्याच बाजूने बोलून खाली बसतो. फक्त एक खुलासा, कारण मागच्या रांगेत काही शिक्षक बसलेत. आपल्याकडे 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि ज्या गुरुजींना स्वतःलाच इंग्रजीत चहा मागायची धास्ती होती, त्यांच्यावरही ते येऊन पडलं. तेव्हा अर्धवट शिकलेल्याची वकिली मी करत नाही. वाट चालून संपवलेला हवा, पहिल्याच वळणावर बसकण मारलेला नको.

तिसरे म्हणतात, अहो, ही शाळा नव्हेच, ही मैत्री! देशादेशांत स्नेह वाढावा म्हणून पोरं बोलावतात. असेल, जेटमागे तो हेतू होताच. मग पाहुणा म्हणून बोलवा, सुशी खिलवा, किमोनो नेसवून फोटो काढा. वेळापत्रकात त्याला इंग्रजीचा तास कशाला? आणि गंमत बघा, कंत्राट एकेका वर्षाचं, जास्तीत जास्त पाच. रोज त्या पोरीचे प्रश्न झेलून तो घरी रात्री व्याकरण वाचू लागतो, हळूहळू खरोखरच मास्तर व्हायला लागतो, आणि बरोबर तेव्हा त्याला निरोप देऊन विमानतळावर नवा कोरा उतरवून घेतात. या वेळी नाट्यशास्त्रवाला.

(उभा राहतो. टाय सैल करतो.)

शेवटचा आक्षेप सगळ्यांत दमदार : पालकांनाच गोरा मास्तर हवा असतो, पैसे ते मोजतात, तुमचं काय जातं? यावर मी युक्तिवाद करत नाही, फक्त हकिगत सांगतो. 2010 च्या डिसेंबरात कोरियातल्या देगू शहरात 21 प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजी शिकवायला 29 रोबो आणले. नाव एंगकी. उंची सुमारे एक मीटर, आकार अंड्यासारखा, तोंडाच्या जागी पडदा. शिकवत होतं कोण? हजारो किलोमीटरवर फिलिपिन्समध्ये बसलेली, चांगली अनुभवी शिक्षक मंडळी, कमी पगारात. कॅमेऱ्यातून त्यांना पोरं दिसायची, ऐकूही यायची. आणि पडद्यावर चेहरा कुणाचा? गोऱ्या बाईचा! फिलिपिन्स त्या सातांच्या यादीत नाही. म्हणजे तिथल्या बाईंचं शिकवणं चाललं. ज्या उच्चारावरून मघाशी आपण एवढं भांडलो, तो आवाजही चालला. फक्त बाई दारातून आत आलेल्या चालत नव्हत्या. बरं, गोरा चेहरा लावला म्हणून रोबो तरी जन्माने इंग्रजीवाला? तो जन्मला कोरियातल्याच प्रयोगशाळेत, आणि त्या यादीत कोरियाही नाही! पदवी कुठली, विचारलं नाही. दाखला मागितला नाही. चार्जिंगला लावला आणि तिसरीच्या वर्गावर सोडला.

(प्रकाश जातो.)