सवलतकाका

दर सोसायटीत एक असतोच. कुठे त्याला नाना म्हणतात, कुठे अण्णा. आमच्याकडे सवलतकाका. हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे ठेवलं. त्यांना ते कळलं तेव्हा आमची पाचावर धारण बसली, पण काका रागावले नाहीत. ‘फुकट मिळालंय ना? मग राहू दे,’ एवढंच म्हणाले.

काका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ऑफिस सुटलं, फाइल सुटली नाही. सकाळी साडेदहाच्या ठोक्याला ते खांद्याला शबनम अडकवून बाहेर पडतात. शबनममध्ये आधार कार्डाच्या चार झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, गोंदाची बाटली, दोऱ्याने बांधलेलं पेन आणि स्वतःचा स्टॅपलर. बँकेतला स्टॅपलर नेहमी रिकामा असतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. तिथे तो रिकामा का असायचा, हे ते सांगत नाहीत.

काकांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: ‘मागायचं कुणाकडे नाही, पण हक्काचं सोडायचंही नाही.’ सवलत सोडणं म्हणजे सरकारला विनापावती देणगी देणं, असं त्यांचं मत. आणि विनापावती त्यांनी जन्मात कुणाला काही दिलेलं नाही.

एसटी हा त्यांचा हळवा कोपरा. ६५ पूर्ण झाल्यावर अर्धं तिकीट लागू झालं, तेव्हा त्यांनी पुणे-कोल्हापूर प्रवास असा काही केला की जणू उरलेली अर्धी एसटी महामंडळाने त्यांच्या नावावर करून दिली. पुढे ऑगस्ट २०२२मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटी मोफत झाली आणि काकांना म्हातारपणाची ओढ लागली. पंचाहत्तरावं वर्ष पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असताना नरसोबाच्या वाडीला जायचा बेत ठरला होता. काकांनी तो पुढे ढकलला. ‘दत्तमहाराज कुठे जात नाहीत,’ म्हणाले. वाढदिवसाच्या दिवशी घरच्यांनी केक आणला, तर उत्सवमूर्ती पहाटेच स्वारगेटला पोहोचलेली. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. ते तिकीट काकांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय. पाहुण्यांना नातवाचे फोटो त्यानंतर दाखवले जातात.

काकूंचा प्रश्न वेगळा. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या सगळ्यांनाही अर्धं आहे. काकू दोन्हींत बसतात. काकांनी भर गाडीत कंडक्टरला हिशेब समजावून सांगितला, ‘ही बाई म्हणून निम्मं माफ, ज्येष्ठ म्हणून निम्मं माफ. निम्मं आणि निम्मं किती?’ कंडक्टर साताऱ्याकडचा होता. त्याने शांतपणे तिकिटाचं मशीन काकांपुढे धरलं आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही गाडी चालवा, मी तिकीट माफ करतो.’ मागून काकूंचा आवाज आला, ‘अहो, सगळं आयुष्य अर्ध्या तिकिटात काढलंत, आता शून्यावर आलात. बसा खाली.’

याच्या उलट रेल्वे हे त्यांचं दुःख. साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या बायकांना ५० टक्के सूट होती, ती २० मार्च २०२०ला बंद झाली. दर वर्षी या दिवशी काका थोडे गप्प असतात. त्या दिवशी श्रीखंड आणलेलं त्यांना चालत नाही. ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्याची सोय मात्र शिल्लक आहे, तेवढ्यावर ते रेल्वेशी बोलणं टिकवून आहेत.

पण काकांचं खरं कर्तृत्व त्यांच्या डायरीत आहे. सगळ्या जगाच्या हिशेबाच्या वहीत जमा आणि खर्च असे दोन रकाने असतात. काकांच्या वहीत तिसरा रकाना आहे: ‘वाचले’. तो रोज रात्री भरला जातो. मी एकदा ते पान पाहिलं. निळ्या शाईत, हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘रिक्षा केली नाही, ९०. मॉलमध्ये कॉफी घेतली नाही, १८०. कढीपत्ता जुडीबरोबर मिळाला, ५. चिरंजीवांनी सुचवलेली मसाजची खुर्ची घेतली नाही, ६५,०००.’ त्या दिवशीची बेरीज पाहून त्यांचा चेहरा कृतकृत्य झाला होता.

घरातला कारभार याच शिस्तीचा. दुधाची पिशवी कापून, धुऊन, टाइल्सवर चिकटवून वाळवली जाते. साय साठवून तूप कढवणं काकूंचं, पण सायीचं भांडं किती भरलं हे बघणं काकांचं. डाळ दुपारीच भिजत पडते, म्हणजे कुकरची एक शिट्टी वाचते. महिनाअखेर विजेचं मीटर ९५ युनिटांच्या पुढे सरकलं की घरात आणीबाणी लागते, कारण शंभर युनिटांनंतरचं प्रत्येक युनिट महाग दराने पडतं. इस्त्री बंद, गीझर बंद, आणि मालिका बघायच्या असतील तर शेजारी जाऊन बघायच्या. आम्ही शेजारी. कागदी बिल नको म्हणून कळवलं की महावितरण बिलात काही रुपये कमी करतं, आणि ठरल्या मुदतीत लवकर भरलं की एक टक्का सूट मिळते. काका बिल आलं की त्याच दिवशी भरतात आणि मग महिनाभर इतरांना विचारत फिरतात, ‘भरलंत का?’

चिरंजीव हिंजवडीत नोकरीला. ते मोबाइलवर दहा मिनिटांत कोथिंबीर मागवतात. पहिल्यांदा ती पिशवी दारात आली तेव्हा काकांनी कोथिंबिरीचा भाव, डिलिव्हरीचा आकार आणि हाताळणीचा आकार वेगवेगळा वाचला. मग म्हणाले, ‘दहा मिनिटांत कोथिंबीर आली नाही तर आमटी काय पळून जाणार आहे?’ मुलाने शहाण्यासारखा लॅपटॉप उघडला.

हे सगळं वाचून काका म्हणजे चिक्कू मारवाड्यावरच्या जुन्या विनोदांतलं पात्र वाटेल. तसं नाही. सोसायटीत त्यांच्या दारापुढे जेवढी माणसं असतात तेवढी डॉक्टरांच्या दारापुढे नसतात. कारण काका शासननिर्णय वाचतात. आपण जीआरचा मथळा वाचतो, काका तळटीप वाचतात.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३मध्ये १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि दर ८.२ टक्के झाला, हे त्यांनी आम्हाला पेपरवाल्याच्या आधी सांगितलं. पैसे गुंतवले त्या दिवशीचा दर पुढे पाच वर्षं कायम राहतो, हेही. व्याज तिमाहीला मिळतं, त्यामुळे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी काका प्रसन्न असतात. वर्गणी मागायची तर त्या दिवशी मागावी. बँकेच्या मुदत ठेवीवर ज्येष्ठांना साधारण अर्धा टक्का जास्त मिळतो. तळमजल्यावरच्या आजींच्या ठेवीचं नूतनीकरण बँकेने साध्या दराने केलं होतं. काकांनी स्टॅपलरसह जाऊन ते दुरुस्त करून आणलं.

एप्रिल उजाडला की ज्यांना कर लागत नाही अशा सगळ्यांना ते बँकेत पिटाळतात. व्याजातून टीडीएस कापू नये म्हणून जो अर्ज द्यायचा, ज्याला सगळे ‘पंधरा एच’ म्हणतात, तो भरला का? टीडीएसची मर्यादा एप्रिल २०२५पासून ज्येष्ठांसाठी ५० हजारांवरून १ लाख झाली, तरी पाठपुरावा चालूच. मे महिन्यात महापालिकेचा मिळकत कर. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. ऐंशी ओलांडलेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तो ऑक्टोबरातच देता येतो, हे काकांनीच त्यांना कळवलेलं. आता मोबाइलसमोर चेहरा धरूनही दाखला निघतो. काका एकेकाला खुर्चीवर बसवून ‘डोळे मिचकावा’ म्हणतात. देशमुख आजोबांनी नको तिकडे बघून डोळा मिचकावला, तो प्रसंग वेगळा.

आणि औषधं. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ही तीन दुखणी आमच्या इमारतीत मजलावार आहेत. काका प्रत्येकाला सांगतात, डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा. अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, अॅटोर्वास्टॅटिन ही नावं त्यांना मनाचे श्लोक यावेत तशी येतात. सरकारी जनऔषधी केंद्रात तेच औषध बऱ्याचदा निम्म्याहूनही कमी पैशांत मिळतं. ‘डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करायचा नाही,’ ही त्यांची तळटीप. ऑक्टोबर २०२४मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. त्या आठवड्यात काकांच्या घरी वय वंदना कार्डासाठी रांग होती. वॉचमनच्या आईचं कार्ड त्यांनी सर्वांत आधी काढलं. झेरॉक्सचे दोन रुपये घेतले.

एकदा त्यांना तो प्रसिद्ध फोन आला. पलीकडचा पोलिसी आवाज म्हणाला, तुमच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका.

‘म्हणजे अटक घरातल्या घरात?’ काकांनी विचारलं.

‘हो.’

‘मग तुमच्या गाडीचं पेट्रोल वाचलं. ते दंडातून वजा करा.’

पलीकडे थोडी शांतता. मग आवाज चढला. दोन लाख ताबडतोब भरा, चौकशी झाल्यावर परत मिळतील.

‘ज्येष्ठांना किती टक्के?’

‘काय?’

‘सवलत हो. जीआरचा क्रमांक सांगा, मी लिहून घेतो.’

फोन पलीकडून कापला गेला. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाही, हे काकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. पूर्ण रक्कम कधी भरायची नसते, एवढंच ठाऊक होतं. नंतर त्यांनी १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि डायरीत लिहिलं, ‘वाचले: २,००,०००.’

तोच रकाना त्यांना नडला. मार्चअखेर काकूंनी डायरी मागितली. त्यांना केरळला जायचं होतं. ‘वर्षभरात तुम्ही तीन लाख सत्तर हजार वाचवलेत. द्या.’

‘अगं, ते तसे नाहीत.’

‘मग कसे आहेत? न घेतलेली खुर्ची विका, पण मला केरळ दाखवा.’

मग काकू लाल पेन घेऊन बसल्या. चाळीस वर्षं गप्प राहून संसार केलेल्या बाईने केलेलं ते ऑडिट होतं. औषधांचे वाचलेले पैसे खरे, टिक. ठेवींचं जादा व्याज खरं, टिक. आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला, टिक. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बसवला, टिक. मिळकत कर वेळेत भरला, टिक. खुर्ची, कॉफी, डिजिटल अटक, सगळ्यावर फुली.

मग त्या खालच्या नोंदींवर आल्या. ‘रात्री दिवा न लावता बाथरूमला गेलो, वीज वाचली.’ काकूंनी चष्मा वर केला. ‘अर्ध्या वॅटचा छोटा दिवा रोज रात्रभर जाळला तरी महिन्याला पाव युनिट होत नाही. अंधारात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं तर किती युनिटं होतात ते सांगा.’ फुली. ‘मंडईत चालत जाऊन भाजी स्वस्तात आणली, २०.’ त्याच आठवड्यात खर्चाच्या रकान्यात गुडघ्याच्या शेकाचे ६०० होते. फुली. ‘चष्म्याचा नंबर पुढच्या वर्षी काढू.’ फुली. ‘मुदत संपलेलं खोकल्याचं औषध वाया न घालवता संपवलं.’ इथे पेन कागदात रुतलं.

ऑडिट झाल्यावर तिसऱ्या रकान्यात नोंदी उरल्या जेमतेम दहा. गंमत अशी, की वर्षाच्या खऱ्या बचतीतली बहुतेक रक्कम त्या दहा नोंदींत होती, आणि त्यांतली एकही रोजची नव्हती. वर्षातून एकदा अर्ज भरायचा, एकदा डॉक्टरांना विचारायचं, एकदा पंखा बदलायचा, एकदा बँकेत दर तपासायचा. उरलेल्या तीनशेसाठ रात्री काकांनी कढीपत्त्याचे पाच रुपये लिहिण्यात घालवल्या होत्या. काका बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘केरळला एसटीची सवलत लागू नाही. राज्याबाहेर आहे.’

काकू केरळला जाऊन आल्या. बरोबर काकाही होते. खालचे बर्थ मिळाले.

काका सुधारले असं कुणी समजू नये. दुधाच्या पिशव्या अजून टाइल्सवर वाळतात. बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा मात्र लागला, आणि चष्माही नवा आला, ज्येष्ठांसाठीच्या मोफत नेत्रतपासणी शिबिरातून नंबर काढून. असा माणूस घरात असह्य आणि सोसायटीत अपरिहार्य असतो, हे आमचं मत आता कायम झालं आहे. तुमच्या इमारतीतही एक असेल. त्याची थट्टा जरूर करा, पण एप्रिलमध्ये बँकेच्या अर्जासाठी आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडे जाच. जाताना झेरॉक्स मात्र स्वतःची न्या.