चेंडू हैदराबादेतच राहिला

लंडनमध्ये पर्यटकांना मोटारीत बसवून वेम्ब्ली, आर्सेनल, चेल्सी अशी स्टेडियमं दाखवतात. माझा दावा असा की तशी फुटबॉल-सहल नांदेडहून निघून लातूरला संपू शकते आणि तिचा गाईड व्हायला माझ्याइतका लायक माणूस मराठवाड्यात नाही. मला ऑफसाइड कळत नाही, हा आक्षेप मी फेटाळतो. वेरूळच्या गाईडने तरी कुठे लेणं कोरलंय? दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: दाखवायला फुटबॉलचं स्टेडियम कुठाय? नांदेडचं श्री गुरु गोबिंदसिंघजी स्टेडियम क्रिकेटचं. त्याच गुरूंच्या नावाची सुवर्ण-रजत चषकाची अखिल भारतीय स्पर्धा खालसा हायस्कूलच्या मैदानावर भरते, पण ती हॉकीची. नवा मोंढा मैदान आणि लातूरचं टाऊन हॉल मैदान सभांचं. आपल्याकडे ‘मैदान गाजवलं’ असं छापून आलं की वाचक खेळाडूचा फोटो शोधत नाहीत. सगळं मान्य. पण किल्ल्यावर तरी काय उरलेलं असतं? गाईड बाभळीकडे बोट करून ‘इथं दरबार भरायचा’ म्हणतो आणि आपण माना डोलावतो. असलेली वस्तू पाहुण्यांना आपली आपण दिसते. पैसे नसलेली दाखवायचे असतात.

आणि जे नाही ते कोणत्या दिवशी गेलं, याची तारीखच माझ्याकडे आहे. इथं गाडी बाजूला घ्यावी, कारण हा माझा आवडता विषय आहे आणि तो लवकर संपत नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता तेव्हा ‘हैदराबाद सिटी पोलीस’ या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा उचलला. संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे ‘मैदान’ सिनेमात अजय देवगण झालेले ते. राज्यांची वाटणी 1 नोव्हेंबर 1956 रोजी झाली आणि आम्ही हैदराबाद सोडलं. बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरला, रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. संघ चौथा आला. एक महिना! काडीमोड व्हावा आणि महिन्याभराने त्या घराला लॉटरी लागावी, तसं झालं. वाटणीत आम्हाला गोदाकाठ आला, कापूस आला, आपली भाषा आली. चेंडू तिकडेच राहिला. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत रहीमसाहेबांच्या संघाने सुवर्ण आणलं, तेव्हा तर आम्ही पंचायत समित्या मोजण्यात गुंतलो होतो. ‘त्या संघात नांदेडचं कोण होतं हो?’ असं एखादा चिकित्सक विचारेल. नसेल कोणी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून वहिवाट सांगायची सोडतो का आपण?

लोहा ओलांडल्यावर माळेगाव लागतं. खंडोबाच्या यात्रेत इथं घोडे, गाढवं, उंट विकले जातात, कुस्त्या होतात. कोल्हापुरात त्याच खंडोबाच्या नावाची तालीम फुटबॉल खेळते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ असे तिथले संघ तालमींतून, पेठांतून आले आणि शाहू स्टेडियम भरतं ते पेठेच्या अब्रूपायी. आमच्या लातुरातही शाहू महाराजांचं नाव आहे, पण महाविद्यालयाला. तिथून डॉक्टर निघतात. देव तोच, राजा तोच, मग फरक सिमेंटचा कसा? संघ कुणाच्या तरी गल्लीचा असावा लागतो. सरकारने काहीच केलं नाही, असंही नाही. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात आला, तेव्हा 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी खेळावं म्हणून शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. पण चेंडू वाटता येतो, गल्ली वाटता येत नाही. ‘मग कबड्डी, कुस्ती आहे की आपली, फुटबॉलच कशाला?’ खरंय. मात्र कबड्डीला मेलबर्न नाही, आणि मला मिरवायला मेलबर्नच हवंय.

अहमदपूर, चाकूर मागे टाकत लातूरला पोचावं ते पहाटे. एरवी मंडपाला, प्रदर्शनाला, सभेला दिलेलं मैदान त्या वेळी कुणालाच दिलेलं नसतं. तेव्हा तिथं पोलीस भरतीची पोरं पळत असतात. नांदेडलाही असंच. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, मग शंभर मीटर, मग गोळा. सगळं मिळून पन्नास गुण. शेतीचा भरवसा नाही, कोचिंगची फी झेपत नाही, तेव्हा उरतं ते हे पळणं. वय निघून जाईपर्यंत पळतात. इथं माझी थट्टा जरा अडखळते. हैदराबादेत फुटबॉल येतो म्हणून पोरांना पोलिसात घेत. आमची पोरं पोलिसात घ्यावं म्हणून पळतात, चेंडूशिवाय. दमसास तोच, मैदान तेवढंच. पाहुण्यांना इथं उतरवू नये. ड्रायव्हरला गाडीचे दिवे मात्र बंद करायला सांगावं. वळणावर पोरांच्या डोळ्यांवर येतात.