सात रात्री, पाच शहरं आणि बॅगा

परदेशातल्या छोट्या सहलीचा आराखडा माणूस नकाशा समोर घेऊन करतो, हे सगळ्या घोटाळ्याचं मूळ. नकाशावर फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांच्यात दोन बोटांचं अंतर असतं, वेगवान गाडी ते दोन-सव्वादोन तासांत कापते, आणि आपल्या बॅगा नकाशावर कुठेच दाखवलेल्या नसतात. त्यामुळे पॅरिस, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि रोम ही पाच शहरं सात रात्रींत अगदी आरामात बसतात. माझं म्हणणं असं, की शहरं मोजूच नयेत. हॉटेलची खोली किती वेळा सोडावी लागणार, ते मोजावं. फ्लॉरेन्सच्या हॉटेलातला नाश्ता पैसे भरलेले असल्यामुळे सावकाश होतो. मग बॅग बंद होत नाही, कारण तिच्यात भाकरवडी, मेतकूट आणि दोन माणसांना चार महिने पुरतील इतके स्वेटर असतात. स्टेशनवर फलाट गाडी सुटायच्या जरा आधी जाहीर होतो, तोवर सगळं कुटुंब माना वर करून फलकाखाली उभं. व्हेनिसला उतरल्यावर रिक्षा नाही, टॅक्सी आहे पण ती पाण्यातली, आणि पुढे चारशेहून जास्त पूल. त्यातल्या बहुतेकांना पायऱ्या, म्हणजे चाकांच्या बॅगेचं भारी कौतुक तिथेच संपतं. खोली तीन वाजता मिळते. सव्वादोन तासांच्या प्रवासात सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन गेले. आराखड्यातल्या वेळा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारख्या असतात. फरक इतकाच, की गाडी नवरीच्या मामासाठी थांबत नाही.

आता हिशेब करा. सात रात्री, आठ दिवस. पैकी पहिला उतरण्यात आणि शेवटचा विमानतळावर जातो. उरले सहा. पाच शहरं म्हणजे चार स्थलांतरं, अर्ध्या-अर्ध्या दिवसाची धरली तरी दोन दिवस गेले. चार दिवसांत पाच शहरं, आणि त्यात एकट्या रोमला कोलोसियम आणि व्हॅटिकनसाठी दोन दिवस हवेत. शिवाय वार आडवे येतात. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, फ्लॉरेन्सची उफिझी सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि तीही फुकट, त्यामुळे रांगेत अर्धं रोम. शनिवारी नखं न कापणारी माणसं या बाबतीत वार का बघत नाहीत, हे एक कोडंच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: टूरवाले बारा दिवसांत दहा देश दाखवतातच की! दाखवतात. बस दारात येते, बॅगा तिच्या पोटात जातात, आणि निम्मा युरोप काचेतून दिसतो. पण त्या बसच्या ड्रायव्हरला युरोपच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा असते. विश्रांतीचा कायदा ड्रायव्हरला आहे, प्रवाशाला नाही. शेंगेनच्या व्हिसाचा नियमही बघा: ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. माणूस कुठेतरी जरा जास्त टेकेल, एवढी किमान अपेक्षा नियम करणाऱ्यांनी ठेवली होती. सगळीकडे सारखाच मुक्काम असेल तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे जा, अशी पुरवणी त्यांना जोडावी लागली, ती बहुधा आपल्यासारख्यांसाठीच.

दुसरा आक्षेप खरा जड आहे: पुन्हा कधी जाणार? विमानाचं भाडं, माणशी 90 युरो व्हिसा, ऑफिसात महत्प्रयासानं मिळवलेली रजा. हे उडवून लावता येत नाही. पुष्कळांच्या बाबतीत ‘पुन्हा’ येतच नाही. पण तेच तर कारण आहे. एकदाच जायचं असेल तर व्हेनिस दुपारच्या गर्दीत का उरकायचं? दिवसभराचे पाहुणे परतले की संध्याकाळी ते शहर निराळं होतं, म्हणून तिथे रात्र काढायला हवी. 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येऊन जाणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेतं. घाईवर कर बसवणारं हे शहर मला फार समंजस वाटतं.

तेव्हा माझा आराखडा असा: पॅरिस आणि मिलान रद्द. व्हेनिसला उतरायचं, दोन रात्री, फ्लॉरेन्सला दोन, रोमला तीन, आणि तिथूनच परत. येण्या-जाण्याचे विमानतळ वेगळे ठेवले की आल्या वाटेनं माघारी जाण्यातला अर्धा दिवस वाचतो. उन्हाळ्यात इटली आपल्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे पहिले दोन दिवस पहाटे चारलाच जाग येणार. त्याचं दुःख करू नये. सहा वाजता सेंट मार्कच्या चौकात आपण, कबुतरं आणि झाडूवाले एवढेच असतो.

राहता राहिलं पिसा. फ्लॉरेन्सहून गाडीनं तासाभरावर, त्यामुळे ‘जाता जाता’ म्हणून ते प्रत्येक आराखड्यात घुसतं, आणि मनोऱ्याला हात टेकल्याचा फोटो नसेल तर नातेवाईक इटलीला गेल्याचं मान्य करत नाहीत. पण तो मनोरा 1173 पासून उभारत नेला, कलता राहिला, 1990 मध्ये बंद करून इंजिनिअरांनी त्याच्या पायाखालची माती काढून तो थोडा सरळ केला आणि 2001 मध्ये पुन्हा उघडला. आता आपण हात दिला नाही तरी तो उभा राहील, आणि नातेवाइकांना हवं तर हेही सांगता येईल.