शून्य पूर्णांक शून्य एक टक्का

संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुप प्रोजेक्टसाठी निघालेल्या मार्गदर्शक सूचना आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचल्या. असलं काही लिहायला समितीच लागते, एकट्यादुकट्याचं ते काम नाही. त्यातली एक सूचना तर ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव अहवालाच्या, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत छापावी अशी आहे : 'प्रत्येक सदस्याच्या योगदानाची टक्केवारी गटाने सर्वानुमते तक्त्यात नमूद करावी. बेरीज 100 आली पाहिजे. सर्वांच्या सह्या अनिवार्य.'

सर्वानुमते! म्हणजे ज्यानं वर्षभर काही केलं नाही, त्यानंच 'मी काही केलं नाही' यावर सही करायची. थकबाकीदारांच्या यादीला थकबाकीदारांचीच मंजुरी मागणारी हाऊसिंग सोसायटी आमच्या तरी पाहण्यात नाही.

चौघांचा गट असला की हिशेब सोपा. कोड लिहिणारी 25, पीपीटीला रंग देणारा 25, बाइंडिंगवाल्याकडे जाऊन आलेला 25, आणि ज्याचं तोंड गाइडनी थेट व्हायव्हाला पाहिलं तोही 25. कोडवालीनं 70 लिहायचं धाडस करू नये म्हणून गुणतक्त्यात 'संघभावना' हा रकाना आहेच. कुरबुर कानावर आली की त्यातले गुण चौघांचेही जातात.

पंचाईत होते ती चौथ्याला वायडी लागला, म्हणजे त्याचं वर्ष वाया गेलं, की. उरले तिघं. प्रत्येकी 33.33, बेरीज 99.99. एक्सेलची चौकट लाल होते आणि कार्यालयातले भाऊसाहेब कागद परत सारतात, "टोटल बसत नाही." हे कुठं घडतं? संगणक विभागात! 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारली तर यंत्र बिनदिक्कत 0.30000000000000004 सांगतं, कारण हे अपूर्णांक शून्य-एकच्या भाषेत नेमके बसतच नाहीत, हे जिथं पोरांना शिकवतात तिथं. यंत्राला माफ, पोरांना नाही. तेव्हा कुणीतरी 33.34 घ्यायला हवेत. कुणी? कॅन्टीनमध्ये कटिंगवर कटिंग संपतात. 0.01 टक्का म्हणजे काम तरी किती? दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम धरला, तर बरोब्बर एक ओळ. ती ओळ कुणाची? एक म्हणतो माझी, दुसरा म्हणतो मी ती इंटरनेटवरून उचलली तेव्हा तू झोपला होतास. मग पुरावा म्हणून गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, उघडायचं, कारण सूचनाच सांगते की कमिटची, म्हणजे त्यातल्या नोंदींची, संख्या ग्राह्य धरली जाईल. झालं! एक गडी रोज रात्री एक स्वल्पविराम काढतो, कमिट करतो. सकाळी तोच परत घालतो, पुन्हा कमिट. महिन्याभरात तो गटाचा कणा ठरतो. आणि कमिटवर नाव तरी कुणाचं येतं? आपण सेटिंगमध्ये जे टाकू त्याचं. नाव आणि ईमेल, दोन आज्ञा दिल्या की दुसऱ्याच्या घामावर आपली पाटी. हे गाइडना माहीत नसतं असं नाही. पण त्यांच्याकडे आणखी पाच-सहा गट असतात, शिवाय मान्यता समितीच्या फायली, शिवाय प्रवेशाची ड्युटी. ते लॉगबुक उघडतात, सहा महिन्यांच्या सह्या एका दमात ठोकतात आणि तारखा टाकायचं काम पोरांवर सोडतात. पोरं एक तारीख हमखास लक्ष्मीपूजनाची टाकतात.

आता हसू पुरे. आमचा राग त्या 0.01 वर नाही. डावा समास दीड इंच, कव्हर काळं, फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, मजकूर 12, मथळा 14, यावर या सूचनांची तीन पानं खर्ची पडली आहेत. प्रोग्रॅम चालला पाहिजे, याला एकही ओळ नाही! समास मोजायला पट्टी आणतात, आणि पोरांनी रात्री जागून लिहिलेलं चालवून बघायला दहा मिनिटं नसतात. मग नाक्यावरच्या दुकानात 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम' बाइंडिंगसकट तयार मिळते, यात दुकानदाराचं काय चुकलं? तो बिचारा सूचना नीट वाचतो. त्याचा समास दीड इंचच असतो.

आणि जिनं खरोखर काम केलं, ती व्हायव्हाला लॅपटॉप उघडून, सर्व्हर सुरू करून उभी राहते. बाहेरून आलेले परीक्षक, एक्स्टर्नल, घड्याळ बघतात. "हे सगळं ब्लॅक बुकात आहे ना बेटा? मग झालं तर. नेक्स्ट ग्रुप!"