भुवईवर बांबू

खारदांड्यात भुवईवर पांढरी पट्टी चिकटवून निघालेल्या माणसाला मासळीबाजार गाठायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागतो. रस्ता तेवढाच असतो, पण दर दहा पावलांवर एक दार असतं, दारात कुणीतरी जाळं शिवत नाहीतर लसूण सोलत बसलेलं असतं, आणि पट्टीचा खुलासा घेतल्याशिवाय माणसाला पुढे सोडायची इथे रीत नाही. "काय झाला?" हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर यायच्या आत दुसरा, "बायकोनी मारला काय?" याला नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. हो म्हटलं तर लोक बायकोकडे आदराने बघायला लागतात. मी दोन्ही करून बघितलं आहे.

खरं कारण बांबू. दिवाळीनंतर दांड्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या वलांड्या उभ्या राहतात. जाड बांबूंचा सांगाडा, त्यावर ताणलेल्या दोऱ्या, आणि दोन दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून त्या दोरीवर टांगलेले. अशाच एका वलांडीसाठी एक पोरगा खांद्यावर लांबलचक बांबू घेऊन चालला होता आणि मी त्याच्या मागून. कुणीतरी त्याला हाक मारली. तो वळला. आता भूमितीचा नियम असा, की माणूस जागच्या जागी वळला तरी त्याच्या खांद्यावरच्या बांबूचं टोक चांगला दूरचा प्रवास करून येतं. त्या प्रवासात वाटेवर माझी डावी भुवई लागली.

चेहऱ्याला रक्तपुरवठा फार उदार असतो. एरवी हाताला एवढंसं कापलं तर दोन थेंब येतात. भुवईला तेवढंच लागलं तर शर्ट टाकून द्यावा लागतो. माझा अवतार बघून तो पोरगाच मटकन वाळूत बसला. त्याला पाणी पाजायला चार जण धावले. उरलेल्यांनी माझा ताबा घेतला. एक हळद घेऊन आली, एकाने कॉफीची पूड सुचवली, तिसऱ्याने चुना म्हटलं. शेवटी एका नाखवांनी सगळ्यांना बाजूला सारलं, स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळला आणि भुवईवर दाबून धरला. हा उपाय अगदी शास्त्रशुद्ध होता. फक्त बर्फ मासळीच्या खोक्यातला होता, त्यामुळे डॉक्टरांकडे मी पोचण्याआधी माझा वास पोचला.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि तीन टाके घातले. भुवई भादरली नाही. भुवईच्या केसांचा भरवसा नसतो म्हणाले, परत येतीलच असं नाही, आणि केस काढले तर दोन्ही काठ ओळीत जुळवायला काही खूणच उरत नाही. मी धीर करून विचारलं, "डॉक्टर, वण राहील का हो?" त्यांनी केसपेपरवरचं माझं वय बघितलं. मग माझ्या डोक्यावरचं उरलंसुरलं पीक बघितलं. मग म्हणाले, "लग्न झालंय ना?"

हेच सगळे म्हणाले. शेजारी म्हणाले, ऑफिसातले म्हणाले, खुद्द आमची ही म्हणाली, "अहो, तुम्हाला आता कोण बघायला येणार आहे?" जणू पुरुषाचा चेहरा ही लग्नापुरती भाड्याने आणलेली वस्तू, आणि एकदा अक्षता पडल्या की ती कशीही परत केली तरी चालते.

आता खोटं कशाला बोलू, पन्नास वर्षं मीही त्याच समजुतीत होतो. आरशात बघायचं ते दाढीपुरतं, आणि तेही हनुवटीच्या वर नाही. पण पट्टी निघाली मात्र, मी आरशासमोरून हलेना. खिडकीतल्या उजेडात वण गुलाबी दिसायचा, ट्यूबच्या उजेडात जांभळा, आणि लिफ्टच्या आरशात असा, की हिंदी सिनेमात बंदरावर पेट्या उतरवून घेणाऱ्या टोळीत मला बिनबोभाट काम मिळालं असतं. रोज सकाळी मी भुवईचा फोटो काढून ठेवायला लागलो. तुलना करायला बरं. फोन बिचारा सालस. या माणसाचं एका भुवईवर एवढं प्रेम आहे असं त्याला वाटलं असावं. त्याने आपणहून सगळे फोटो जोडून, मागे पियानो वाजवून 'तुमचे सुंदर क्षण' अशी फीत तयार केली. ती आमच्या धाकट्याने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. तिला माझ्या साठवणीतल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त अंगठे आले.

काळजी करायची तर अभ्यास करून करावी, या मताचा मी आहे. तेव्हा मला कळलं की माझं दुखणं दिशेचं होतं. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी 1861 साली मृतदेहांच्या कातडीला टोचे मारून बघितले. टोच्या गोल, पण कातडीवरचं भोक गोल पडेना. ते ठरावीक दिशेला लांबट व्हायचं. त्या दिशा जोडत जोडत त्यांनी अंगभर रेषांचा नकाशाच काढला. जखम या रेषांना धरून गेली तर वण बारीक राहतो, आडवी छेदून गेली तर उठून दिसतो. कपाळावर या रेषा साधारण आठ्यांसारख्या आडव्या. माझी जखम भुवईतून निघून सरळ वर गेलेली. म्हणजे कर्ज, बढती, पोरांची दहावी-बारावी असं सगळं सोसून कपाळावर ज्या आठ्या मी जन्मभर कमावल्या, त्या ऐन गरजेच्या वेळी काहीही उपयोगाला आल्या नाहीत.

याच सुमारास चिपळूणहून हिच्या आत्याचा फोन आला. जखम ओली आहे तोवर मासे बंद, वांगं बंद, आंबट बंद, नाहीतर पिकेल. मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, भरपूर खा, जखम भरायला प्रथिनंच लागतात. पण डॉक्टर एमबीबीएस आणि आत्या आत्या. घरात आत्याचा निकाल लागू झाला. दांड्यात राहून, ऐन बोंबलाच्या मोसमात, चहूकडून तळणीचा वास येत असताना मी मुगाची खिचडी खाल्ली आहे. घरातल्या बाकीच्यांना जखम नव्हती.

उन्हाचंही तसंच. कोवळ्या वणाला ऊन लागलं की तो काळवंडतो आणि तो काळा डाग महिनोन्महिने हटत नाही, म्हणून डॉक्टरांनी सनस्क्रीन आणि टोपी सांगितली होती. टोपीची कड नेमकी वणावर घासायची. मग छत्री. भर डिसेंबरात, ढगाचा तुकडाही नसताना, एका बाजूला हजारो बोंबील उन्हं खात लटकलेले आणि त्यांच्या शेजारून छत्री उघडून एक गृहस्थ चाललेला, हे दृश्य किनाऱ्यावर काही दिवस करमणुकीचं साधन होतं. छत्री न घेतलेल्या दिवशी पोरं आवर्जून विचारायची, "काका, आज पाऊस नाय काय?"

दांड्याची एक गंमत आहे. इथून दक्षिणेला चालत निघालं की सुक्या मासळीचा वास ओसरेपर्यंत कार्टर रोड येतो, आणि तिथे त्वचेची अशी क्लिनिकं लागतात की आत शिरताना आपलं जुनं कातडं बाहेर काढून ठेवावं असं वाटतं. त्यांतल्या एकात मी गेलो. तिथल्या मुलीने माझ्या भुवईकडे बघितलंच नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकाभोवतीची छिद्रं, हनुवटीखालचा ऐवज अशी यादी करत ती खाली खाली गेली आणि सगळ्याचं मिळून एक पॅकेज सांगितलं. त्या आकड्यात दांड्यात एखादी छोटी होडी आली असती, वर वल्ही. भुवईचं काय, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते पॅकेजमध्ये येत नाही, सर." मी सिलिकॉनच्या मलमाची एक ट्यूब घेऊन बाहेर पडलो. ट्यूब करंगळीएवढी, किंमत पापलेटच्या जोडीची.

ते मलम लावून, छत्री मिटून, मी आमच्या नेहमीच्या मावशींकडे मासळी बघायला गेलो. बघायलाच, आत्याची बंदी चालू होती. मावशींनी कौतुकाने माझा वण निरखला. "बरा आहे," म्हणाल्या, आणि कोयता खाली ठेवून आपला डावा हात पुढे केला. तळहातावर आडवा पांढरा पट्टा, तो लहानपणी दोर सुटला तेव्हाचा. अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके, खेकडा. मनगटाजवळ खोल खड्डा, तिथे शिंगाळ्याचा काटा गेला होता आणि रात्रभर हात गरम पाण्यात धरून बसावं लागलं होतं. तर्जनीचं टोक जरा आखूड होतं. ते कशाने, असं मी विचारलं. "कोयत्यानी," त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक लय घाई करत होता." एवढं बोलून त्यांनी सुरमईचे सरसर तुकडे केले. मी रुमालाने भुवईवरचं मलम पुसल्यासारखं केलं.

मावशींच्या मागे त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या गालांवर देवीचे वण. आपला देश देवीच्या रोगातून सुटल्याचं जाहीर झालं ते 1977 साली. त्याआधी असे चेहरे प्रत्येक गल्लीत असायचे आणि कुणी त्यांच्याकडे वळून बघत नसे. म्हातारीने मला जवळ बोलावलं, डोळे बारीक करून सगळीकडे शोधलं आणि सुनेला विचारलं, "कुठं लागलाय याला?"

माझ्या दुखण्याची अशी उपेक्षा झाल्यावर मी इतिहासाकडे वळलो, आणि तिथे मला कावसजी भेटला. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा हा मराठा शेतकरी गडी 1792 च्या लढाईत टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बेतलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, कडेने रेघ मारली, आणि तेवढं कातडं सोडवून, मुळाशी जोडलेलंच ठेवून, खाली वळवून नाकाच्या जागी बसवलं. वर काताच्या लेपात बुडवलेल्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपाचे बोळे. आपण पानाला लावतो तो कात आणि पोळीला लावतो ते तूप! इंग्रज सर्जन हे डोळे फाडून बघत होते. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 साली तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली. सुश्रुताने नाक जोडायची विद्या लिहून ठेवली होतीच. पुण्याच्या त्या कारागिराने सुश्रुत वाचला असेल असं मला वाटत नाही. बाप करायचा म्हणून तो करत असणार.

मला मात्र त्या हकिकतीतलं एकच वाक्य महत्त्वाचं वाटलं. नाक बनवून झाल्यावर लिहिणाऱ्याने जाता जाता नोंदवलं आहे, की कपाळावरचा वणही काही काळाने फारसा लक्षात येत नाही. ज्या कपाळातून अख्खं नाक काढलं ते कपाळ भरून येतं! मी त्या रात्री पहिल्यांदा आरसा न बघता झोपलो.

काळजी मिटली की माणूस ऐट करायला मोकळा होतो. जर्मनीत एकेकाळी विद्यापीठातली पोरं तलवारीचं द्वंद्व खेळून गालावर मुद्दाम वार झेलत. तो वण म्हणजे घराण्याची पत आणि छातीचा पुरावा. वधूपिते त्यावर खूश असत. एवढं लांब जायलाही नको. आमच्या दांड्याच्या सलूनमध्ये मी केस कापायला बसलो होतो, तर शेजारच्या खुर्चीत विशीतला एक पोरगा वस्तऱ्याने भुवईत फट पाडून घेत होता. पैसे देऊन! कारागीर माझ्याकडे वळला, माझी भुवई बघून थबकला आणि अदबीने म्हणाला, "काका, ही कुठं मारून घेतली? लाइन एकदम क्लीन आहे."

त्या दिवसापासून छत्री बंद झाली. ऑफिसात मी डावीकडून उजेड येईल अशी खुर्ची फिरवून घेतली. बांबूची हकिकतही हळूहळू सुधारत गेली. सुरुवातीला एक पोरगा आणि एक बांबू होता. पुढे पुढे समुद्र खवळला, होडी कलली, डोलकाठी मोडली. आमची ही हे ऐकताना भाजी निवडत असे आणि गोष्ट डोलकाठीपाशी आली की उठून आत जात असे.

पण शरीराला ऐट कळत नाही. वण वर्षभर आतून आपलं काम करत असतो, जुनी घाईत घातलेली वीण उसवून नवी घालतो. गुलाबीचा फिका झाला, फिक्याचा कातडीच्या रंगाचा. भुवईचे केस फट ओलांडून एकमेकांना जाऊन भेटले. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर गर्दीत तो बांबूवाला पोरगा भेटला. त्याने भुवया बघितल्या आणि खात्रीने उजवीकडच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाला, "हीच ना काका? सॉरी हां."

मग पुढे वाहन परवान्याचं नूतनीकरण आलं. चाळिशी उलटलेल्याला त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि त्या नमुन्यात नावाखालीच अंगावरच्या ओळखखुणांचा रकाना असतो, जागा दोन खुणांची. टाके घालणाऱ्या आमच्या डॉक्टरांकडेच मी तो कागद घेऊन गेलो. एवढी वर्षं मी त्या रकान्यात उजव्या कोपरावरचा तीळ लावून वेळ मारून नेली होती. या खेपेला ताठ मानेने म्हणालो, "लिहा, डाव्या भुवईवर जखमेचा वण."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर घेतला, मग परत डोळ्यांवर. टॉर्च लावली. भुवई बोटांनी इकडून तिकडे केली. मला खिडकीपाशी नेलं. मी म्हणालो, अहो, तुम्हीच घातलेत टाके. ते म्हणाले, "घातले असतील हो, पण आरटीओला दिसायला नकोत?"

आणि त्यांनी लिहिलं, 'तीळ, उजवं कोपर.' दुसऱ्या ओळीसाठी माझी बाही वर सारून ते आणखी एखादा तीळ शोधू लागले.