घरच्या संगणकासाठी बरा कॅल्क्युलेटर कसा निवडावा

संगणकावर कॅल्क्युलेटर विंडोजबरोबर आयताच येतो. तरीही त्याहून बरा हवा, असे वाटण्याचा हिंगोली जिल्ह्यात एक ठरलेला हंगाम आहे. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन संत नामदेव हळद मार्केट यार्डात जाते. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात येते आणि तिच्यावरचा आकडा मनातल्या आकड्याहून कमी निघतो. त्याच संध्याकाळी शोध सुरू होतो.

प्रोग्राम बदलण्याआधी चूक कोणाची, हे पाहावे. बहुतेक वेळा ती दशांश चिन्हाची, म्हणजे ते देणाऱ्याची असते. बारा क्विंटल चार किलो माल १२.४ असा टाइप केला जातो. वास्तविक तो १२.०४ आहे, १२.४ म्हणजे बारा क्विंटल चाळीस किलो. समजा भाव १३,००० रुपये क्विंटल असेल, तर एवढ्या एका शून्यापायी ४,६८० रुपये हवेत तयार होतात आणि ते आडत्याने खाल्ले असे घरात जाहीर होते. जमिनीचेही तसेच. दोन एकर पाच गुंठे म्हणजे २.५ एकर नव्हे, २.१२५, कारण एकराचे गुंठे चाळीस, शंभर नव्हेत. सातबारा तर हेक्टर-आरमध्ये बोलतो. त्याचा एक हेक्टर म्हणजे सुमारे दोन एकर एकोणीस गुंठे. भाऊ-भाऊ वाटणीला बसले असताना हे रूपांतर घाईने करू नये.

दुसरा दोष मात्र खरोखर यंत्राच्या स्वभावाचा. गाडीभाडे ५०० आणि २५ कट्ट्यांची हमाली कट्ट्यामागे २० रुपये, असे समजून ५०० + २५ × २० ओळीने दाबावे. विंडोजचा साधा कॅल्क्युलेटर १०,५०० म्हणतो; तोच ‘सायंटिफिक’ केला की १,००० म्हणतो. साधा प्रकार बटणे दाबली जातील तसतसे उरकत जातो, सायंटिफिक गुणाकार आधी करतो. दोघेही आपापल्या परीने खरे, आणि मधल्यामध्ये हमाल बदनाम.

यंत्र कधीच चुकत नाही, असे मात्र नाही. विंडोज ३.१ मधला कॅल्क्युलेटर २.०१ मधून २ वजा केल्यावर चक्क शून्य दाखवत असे.

आता निवड. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये उत्तर ठळक दिसते, पण काय दाबले होते ते वर तपासायला नीट उरत नाही, आणि भांडण नेमके तिथेच असते. त्यासाठी स्पीडक्रंच बरा: फुकट आहे, पूर्ण ओळ टाइप करायची, ती उत्तरासह वर राहते, चुकलेले शून्य मागे जाऊन घालता येते. एकर-हेक्टरचा व्याप असेल तर क्वालक्युलेट. तोही फुकट, एककांचे रूपांतर स्वतः करतो. १,५६,५२० हा आकडा १५६,५२० असा दिसतो म्हणून नवा प्रोग्राम शोधू नये; विंडोजच्या सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे करता येतात. पुण्यातल्या भाच्याला फोन करू नये. तो “मामा, एक्सेल वापरा ना” एवढेच म्हणतो. म्हणतो ते बरोबर असते, हीच अडचण.

निवडलेला प्रोग्राम आबांसमोर तपासून घ्यावा. आबा पावकी-निमकी-दिडकीच्या काळातले. बाजेवर पडल्या पडल्या, डोळे मिटून, “तेरा बारे एकशे छपन्न, वर चार किलोचे पाचशे वीस,” असे म्हणून ते एक लाख छपन्न हजार पाचशे वीसवर येतात; संगणक तेव्हा पासवर्ड मागत असतो. मग ते म्हणतात, “तुझ्या मशिनीत बघ बरं.” जुळले तर प्रोग्राम चांगला. जुळले नाही तर दुसरा उतरवून घ्यावा. अशा रीतीने तीन संध्याकाळी जातात, तीन प्रोग्राम येतात आणि पट्टी टीव्हीखाली तशीच घडी घातलेली राहते. तिच्यावरची बेरीज पहिल्याच दिवशी बरोबर होती. चुकला होता तो भाव. मार्चमधला मनात धरून माल मे महिन्यात नेला होता. त्यावर कोणत्याही प्रोग्रामात बटण नाही.

मोंढ्यातून आणलेला जुना, रबर लावलेला कॅल्क्युलेटर टाकून देऊ नये. लाइट गेल्यावर तोच लागतो. त्याचे पाचाचे बटण दोनदा दाबावे लागते, पण ते घरात सगळ्यांना माहीत असते.